आनिच्काचा डावा गाल

लॉस एंजेलिस,
बुधवार, ९ मार्च १९२१

ब्लाझेना,

काल दुपारी मी लाल ट्रामने लाँग बीचला आलो होतो. तू आतच होतीस. शिवणाच्या मशीनचा आवाज मध्येच थांबला, तेव्हाच मला कळलं की तू ऐकते आहेस. तुझ्या बाबांनी मला तुमच्या बाहुल्यांच्या थिएटरच्या दारातच धरलं. म्हणाले, "या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलंस ना पोरा, तर तुझ्या दोन्ही गुडघ्यांना दोरे बांधीन आणि वरून नाचवीन."

मी म्हणालो, "निदान चिठ्ठी लिहू?"

"लिही. कागदाला पाय नसतात."

म्हणून लिहितो आहे.

सोमवारी सकाळी तू आनिच्काला खुंटीवरून काढलंस, तिचं तोंड बघितलंस आणि एक अक्षर बोलली नाहीस. हे तू फार वाईट केलंस. मला शिव्या द्यायच्या होत्यास. रंगाचा डबा डोक्यात घालायचा होतास. तू तिला परत खुंटीला लावलंस, तोंड भिंतीकडे करून, कारण तुमच्या घरात बाहुलीला विश्रांती द्यायची ती तशीच. मग कोट घातलास आणि गेलीस. थर्लो, आपला थोर दिग्दर्शक, फाटकापर्यंत ओरडत आला, "पोरी, मला तुझे हात हवेत, हात!" तू मागे वळलीही नाहीस. बाबांनी शब्द दिला होता की चित्रपट संपेपर्यंत बाहुली स्टुडिओत राहील, म्हणून तिला मात्र ठेवून गेलीस. तुमच्या घरातल्या शब्दाला किती वजन असतं हे मला त्या क्षणी समजलं. माझ्या शब्दाला तेवढं असतं तर!

आता माझी बाजू ऐक. शनिवारी तू नव्हतीस. आदल्या दिवशीचं चित्रण पडद्यावर लावलं होतं. आनिच्का पहिल्यांदाच पडद्यावर आली. कॅमेऱ्यातल्या फितीला तांबडा रंग दिसत नाही गं. तांबडं ते सगळं तिला काळं, निळं ते पांढरं. म्हणून तर आपली नायिका डोरीन बाई तोंडाला पिवळं फासून कावीळ झाल्यासारखी हिंडते. हे आपल्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तुझ्या आईने रंगवलेले ते दोन लालबुंद गाल पडद्यावर काळेकुट्ट आले. ओठसुद्धा.

थर्लो म्हणाला, "ही नवरी आहे की धुराडी साफ करणारी?"

खोलीतली झाडून सगळी माणसं हसली. डोरीन तर ठसका लागेपर्यंत हसली. तुझ्या आईच्या हातच्या कामाला हसली, ब्लाझेना. मला ते सहन झालं नाही.

कॅमेरावाला हॅस्केल भला माणूस. तो म्हणाला, "चेहऱ्याला पिवळसर द्या, गालांना फिकट जांभळट. पडद्यावर परी दिसेल." रविवारी दुपारी सामानाच्या खोलीत कुणी नव्हतं. मी रंग कालवला आणि वरून एक हात दिला. एवढंच केलं मी. पाण्याचा रंग आहे. ओल्या फडक्याने निघून जाईल, खाली आईचा रंग जसाच्या तसा आहे. तुला विचारायला हवं होतं, मान्य. पण तू 'नाही' म्हणाली असतीस.

शेवटचा प्रसंग पंचवीस तारखेला, शुक्रवारी आहे. त्यानंतर डोरीन न्यूयॉर्कला जाणार आणि चित्रणासाठी उभारलेलं हे दालन मोडणार. म्हणजे तुला सोळा दिवस आहेत. ये.

ॲल्डन


शनिवार, १२ मार्च

ब्लाझेना,

अक्षराकडे लक्ष देऊ नकोस. उजवा हात दारात चेमटलाय.

थर्लोने तुझ्या जागी एक माणूस आणलाय. गाण्या-नकलांच्या खेळांतला आहे, बोलक्या बाहुल्यांचे खेळ करायचा, मांडीवर बसवून. दोऱ्यांची बाहुली त्याने जन्मात धरलेली नाही. त्याने ती दोऱ्यांची लाकडी फुली हातात घेतली ती सुपासारखी. आनिच्का टेबलावरून निघाली, आणि तिचे पाय जमिनीला लागतच नव्हते! तरंगत तरंगत गेली, गुडघे वाऱ्यावर, मान एका बाजूला, आणि खलाशी झालेल्या नायकाच्या हातावर डोकं टेकायच्या ऐवजी त्याच्या कॉफीत बसली. नायक उठून शर्ट झटकत म्हणाला, "मिस्टर थर्लो, माझ्या प्रेयसीने घेतलेली दिसते."

परत सगळे हसले. यांना हसण्याशिवाय काही येतच नाही.

मला तुझा खेळ आठवला. धक्क्यावरच्या त्या लाकडी खोपट्यात मी पहिल्यांदा आलो तो पावसापासून वाचायला. सुट्टी होती. कॉलेजची दोन वर्षं झाली होती, पूल कसे बांधतात ते शिकत होतो. आनिच्का एकटीच रंगमंचावर उभी होती. काही करत नव्हती. मग तिने श्वास घेतला. लाकडाने श्वास घेतला, ब्लाझेना! मी बाकावरून पुढे सरकलो. खांदे तांदळाच्या दाण्याएवढे वर आले, खाली गेले, आणि त्यानंतर ती चालली. प्रत्येक पावलाला तिचं वजन पडताना मला दिसत होतं. मी दोन वर्षं वजनाचाच अभ्यास करत होतो. खांबावर किती, कमानीवर किती, सगळी गणितं येत होती. वजन असतं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

अकरा दिवस रोज आलो. बाराव्या दिवशी तू पडद्यामागून बाहेर आलीस, हाताला मेण लागलेलं, आणि म्हणालीस, "तुम्हाला घरदार नाही का?"

मी म्हणालो, "हे चालणं शिकवाल?"

"पाय उचलायचे नसतात. जमीन खाली ढकलायची असते. आणि बोलण्याआधी श्वास. आई म्हणायची, श्वास न घेता बोलतो तो खोटं बोलतो. बास, शिकवलं. आता जा."

गेलो नाही. कॉलेजलाही गेलो नाही. या चित्रपट कंपनीत कामाला लागलो, तिच्या माणसांना धक्क्यावर मीच घेऊन आलो, तुझे खेळ दाखवले. मुक्या बाहुलीवालीची गोष्ट त्यांना तिथेच सुचली. जिला आपलं प्रेम बोलता येत नाही, ती टेबलावरून आपल्या बाहुलीला प्रियकराकडे पाठवते. चेहरा डोरीनचा, हात तुझे. तेव्हा मला वाटलं होतं, मी केवढी मोठी गोष्ट केली. बाबा म्हणाले होते, "पोरा, आमच्या बाहुल्या चाळीस माणसांना पुरतात." मी म्हणालो होतो, चार कोटी बघतील!

चार कोटी हसतील, असंच म्हणायला हवं होतं.

लवकर ये. तो माणूस तिची मान तोडेल.

ॲ.


बुधवार, १६ मार्च

ब्लाझेना,

हात दारात चेमटला नव्हता.

शुक्रवारी तो कॉफीचा प्रकार झाल्यावर हॅस्केल म्हणाला, "त्या बोहेमियाच्या पोरीची वाट बघू या." थर्लो म्हणाला, "कशाला? लाकूडच ते. कुणी का हलवेना. लोक डोरीनकडे बघणार आहेत." मग आनिच्काला पायाने सरकवलं. तू तिला कधी जमिनीवर टेकूसुद्धा दिलं नाहीस, अंथरलेल्या चादरीशिवाय. पायाने, ब्लाझेना.

मी मारलं त्याला. जबडा त्याचा, बोटं माझी. दोन्ही सुजली.

आता फाटकावरचा म्हातारा कॉब मला आत सोडत नाही. तसा तो वाईट नाही. म्हणतो, "पोरा, मलासुद्धा त्याला मारावंसं वाटतं. पण मी नातवंडांकडे बघतो आणि फाटकाकडे बघतो." आनिच्का कुठे आहे असं मी त्याला रोज विचारतो. तो सामानाच्या खोलीत जाऊन बघून येतो. भिंतीकडे तोंड करून टांगलेली आहे म्हणाला. तसं करायला मी त्याला सांगितलं होतं. आधी त्याला हसू आलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "तिच्या पायातला मोजा निघाला होता, वर केला."

व्हिटियरहून माझ्या वडिलांचं पत्र आलंय. तीन ओळी. अक्रोडांना पाणी द्यायला माणूस हवाय. कॉलेज सोडल्याबद्दल एक शब्द नाही. तुम्हा सगळ्यांना न बोलता माणूस कसा मारायचा ते बरोबर येतं!

मी रागात लिहितोय. तुझ्यावर नाही. नाही, तुझ्यावरही. हा माझा तिसरा कागद आहे, आणि तू एका शब्दानेही... एवढ्याशा रंगासाठी? ओल्या फडक्याने निघणाऱ्या रंगासाठी?

नको. हे वाचू नकोस. पण पाठवतोय.

ॲल्डन


सोमवार, २१ मार्च

ब्लाझेना,

हे पत्र लिहिण्याआधी मी बराच वेळ खिडकीत बसलो. मग श्वास घेतला. तुझ्या आईच्या नियमाप्रमाणे.

गालाच्या रंगाबद्दल मी तुला खोटं सांगितलं. तेही दोनदा.

त्या रविवारी मी रंग लावायला बसलो, तर तो चढेना. तेलरंगाच्या चकाकीवर पाण्याच्या रंगाचे थेंब होऊन ओघळायचे. कॉलेजातल्या दोन वर्षांतलं मला नेमकं एकच आठवलं: गुळगुळीत पृष्ठभागावर थर धरत नाही, आधी खरवडावा लागतो. सुताराच्या खोलीतून पॉलिश पेपर आणला. डाव्या गालापासून सुरुवात केली. मला फक्त चकाकी घालवायची होती. पण मी कसा आहे तुला माहीत आहे. हात लागला की लागला. खाली लाकूड दिसलं तेव्हा थांबलो.

उजव्या गालाला पॉलिश पेपर लावला नाही. तिथे सरस घालून तीन हात दिले, कसाबसा बसला रंग. मग डाव्या गालावर दिला, कुणाला दिसू नये म्हणून. तुला दिसलं. त्या सोमवारी तू तिच्या डाव्या गालावरून अंगठा फिरवलास. मी दारात उभा होतो, बघत होतो. आणि तरी तुला लिहिलं, खाली जसाच्या तसा आहे.

म्हणजे आईचा डावा गाल नाही आता. उजवा आहे. ओल्या फडक्याने निघेल ते उजवीकडचं. एवढं तरी खरं आहे.

एकदा तू सांगितलं होतंस, तापाच्या साथीत आई गेली त्या आठवड्यात तिने आनिच्काचे गाल नव्याने रंगवले होते, कारण ओमाहाच्या प्रवासात एकावर चरा पडला होता. ते सांगताना तू दोऱ्याला मेण लावत होतीस आणि माझ्याकडे बघत नव्हतीस. हे माहीत असताना मी ते केलं. मी विसरलो होतो असंही नाही. मला आठवत होतं, आणि मला वाटलं होतं, पडद्यावर ती सुंदर दिसली की सगळं भरून निघेल. तू बघशील आणि म्हणशील, ॲल्डन, वा! मला एवढं 'वा' हवं होतं.

सोबत तो पॉलिश पेपर पाठवतो आहे. तो मी त्या दिवसापासून खिशात ठेवलाय. झटकलेला नाही. त्याला जे लाल लागलंय तेवढंच उरलंय, आणि ते तुझं आहे.

आता शुक्रवार. मी 'ये' म्हणणार नाही. माझा तो हक्क नाही. पण आनिच्का तिथे आहे, आणि शुक्रवारी तो मांडीवर बाहुल्या बसवणारा तिला परत कॉफीत बसवणार, आणि या वेळी ते तसंच ठेवणार आहेत. हॅस्केलने फाटकावर येऊन मला सांगितलं. थर्लोला आता तो प्रसंग विनोदी करायचा आहे. गावोगावी तिला हसतील. तुला यायचं असेल तर मी तिथे नसेन. फाटकाच्या जवळपाससुद्धा नसेन. कॉबला नाव सांग. तो तुला सामानाच्या खोलीत नेईल. हॅस्केल दालन सकाळभर रिकामं ठेवेल.

शुक्रवारी पहाटेच्या गाडीने मी व्हिटियरला जातो आहे. अक्रोडांना पाणी द्यायला.

ॲल्डन प्रुइट


व्हिटियर,
रविवार, २२ मे १९२१

ब्लाझेना,

दोन महिने मी तुला लिहिलं नाही, कारण तू आलीस की नाही ते मला ठाऊक नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नाही. भीती वाटत होती. वडील एकदा म्हणाले, "तू बादली उचलतोस तेव्हा आधी थांबतोस का रे? काय करतोस?" मी म्हणालो, "श्वास घेतो." ते म्हणाले, "बरं." आमच्यातलं या वर्षातलं सगळ्यात मोठं संभाषण.

गुरुवारी हॅस्केलची तार आली. संध्याकाळी पॅसाडेनाच्या एका चित्रगृहात चाचणीचा खेळ, ये, एवढंच. गेलो. मागून तिसऱ्या रांगेत बसलो. चित्राबरोबर वाजवायला पियानोवाली बाई होती, तिने तो चित्रपट आधी पाहिलेला नव्हता, अंदाजाने वाजवत होती. थर्लो पुढे होता. जबडा बरा दिसला.

डोरीन रडली, खलाशी आला, खलाशी गेला, वगैरे. मग ते टेबल आलं. माझ्या पुढच्या रांगेत एक जाडजूड बाई होती, तिने खाऊची पिशवी उघडली. मला वाटलं, आता कॉफी.

आणि पडद्यावर तुझे हात आले.

मला ते हजारात ओळखता येतील. डाव्या करंगळीचं नख चिरलेलं. फुली किंचित तिरकी झाली, आणि आनिच्का उभी राहिली. आमच्याकडे डावा गाल.

तू माझा सगळा रंग धुऊन काढला होतास. नवा लावला नव्हतास. उघडं लाकूड होतं ते, मी खरवडलेलं, आणि दिव्यात ते असं उजळलं होतं, की गालाच्या आत दिवा आहे असं वाटावं. लाकडाच्या रेषा दिसत होत्या, अगदी बारीक, माणसाच्या कातडीवर असतात तशा. मी खुर्चीचे हात धरले. तिने श्वास घेतला. पियानोवाली बाई थांबली. ठरवून नसावी थांबली, तिचे हात वरच राहिले. सगळ्या चित्रगृहात फक्त यंत्राची खडखड. आनिच्का निघाली. जमीन खाली ढकलत, एकेक पाऊल वजनाचं. मीठदाणी ओलांडताना तिने परकर किंचित उचलला. ते तुला कुणी सांगितलं नव्हतं, मला माहीत आहे, ते पटकथेत नव्हतं.

खलाशाच्या हातापाशी आली आणि तिने मागे वळून आपल्या मालकिणीकडे पाहिलं. तेव्हा उजवा गाल दिसला. तुझ्या आईचा. तांबडा, म्हणून काळा.

पुढची बाई तिच्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, बघा ना. अर्धी उन्हात आहे, अर्धी सावलीत."

नवरा म्हणाला, "गप गं."

मग आनिच्काने डावा गाल, तो उघडा गाल, त्याच्या हातावर टेकला. वर राहिला तो आईचा. काळाकुट्ट. आणि ब्लाझेना, एकही माणूस हसला नाही. पुढच्या बाईची खाऊची पिशवी पडली ती तिने उचलली नाही. थर्लोसुद्धा मान पुढे काढून बसला होता. याच गालावरून तो तिला धुराडी साफ करणारी म्हणाला होता! मी दोन महिने विचार करत होतो की तो गाल झाकायचा कसा, रंगवायचा कसा, कुठल्या कोनात लपवायचा. तुला तो लपवावासा वाटलाच नाही. माझं पाप आणि आईचा रंग, दोन्ही घेऊन तू तिला टेबलावरून चालवत नेलंस. माणसाला हे कसं सुचतं? मला आणखी चार कॉलेजं दिलीस तरी सुचणार नाही.

बाहेर पायऱ्यांवर हॅस्केल भेटला. म्हणाला, "एका झटक्यात झालं. एकदाच. तिने मला विचारलं, दिवा कुठून येणार? मी दाखवलं. तिने मान हलवली, बास. जाताना बाहुली बगलेत घेऊन गेली. थर्लो म्हणाला, ती स्टुडिओकडे राहायची ठरली होती. ती म्हणाली, 'चित्रपट संपेपर्यंत. संपला.'" हे सांगताना हॅस्केल हसत होता आणि त्याचे डोळे ओले होते. माझे कसे होते ते विचारू नकोस.

काल मी लाँग बीचला आलो. तुला माहीत नाही. तू खेळ चालू असताना वरच्या फळीवर असतेस, तुला प्रेक्षक दिसत नाहीत. दुपारचा खेळ नुकताच सुरू झाला होता. मी दारात उभा राहिलो, उंबऱ्याच्या बाहेर, दार हाताने अर्धवट धरून. आनिच्का रंगमंचावर होती. तिचा डावा गाल अजून तसाच आहे. तू रंगवलेला नाहीस. लहान मुलं पुढे बसली होती, त्यातली एक ओरडली, "हिचा गाल कुठे गेला?" आणि तू वरून, आनिच्काच्या आवाजात, म्हणालीस, "आहे की. हा बघ, लाकडाचा!" मुलं खूश.

बाबा शेवटच्या बाकाशी उभे होते. त्यांनी मला पाहिलं. मी मागे सरकायला लागलो. ते जवळ आले. माझ्या गुडघ्यांकडे त्यांनी एकदा बघितलं, खरंच बघितलं.

हळू आवाजात म्हणाले, "तो लाल लागलेला कागद तिने रंगांच्या पेटीत ठेवलाय. का, ते मला विचारू नकोस."

मी दार धरून तसाच उभा होतो.

मग म्हणाले, "अरे, असा मध्येच काय उभा राहतोस? एक तर आत ये, नाही तर बाहेर जा. दार उघडं राहिलं की वारा येतो आणि तिचे दोरे हलतात."

खेळ संपेपर्यंत मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. तू खाली उतरायच्या आत निघालो, कारण तुला भेटायची परवानगी मी कुणाकडे मागितलेली नव्हती. पण तुझ्या कानावर घालायला हवं म्हणून लिहितो. काल खेळ चालू असताना वारा थांबला, तो आपोआप नाही थांबला.

मी दार लावून घेतलं. आतून.

ॲल्डन